अर्धं बोट

"बघायचं काम माझं, ऐकायचं तुझं," त्रिभुवनकाका म्हणाले आणि माझ्या डाव्या मनगटाखाली दोन बोटं घालून त्यांनी हात अलगद वर उचलला. "दाबू नको ग. तार आहे ती, पापड नाही लाटायचा. नुसती दांडी ठेव. झोपलेल्या लेकरावर हात ठेवतो तशी."

समोर पलंगावर उशीला टेकून बसलेल्या मार्थाकाकू हसल्या. "अहो, तिचं लग्न तरी झालंय का? तिला कुठलं लेकरू सांगता!"

"मग शेजारच्या लेकरावर ठेव," काका म्हणाले. "पण ठेव."

मी पोलादी दांडी गिटारीच्या तारेवर ठेवली, उजव्या हाताने तार छेडली आणि दांडी हळूच वर सरकवली. सूर खालून निघून वर गेला आणि जिथे थांबायचा तिथे थांबला. काकूंनी मान हलवली. काकांनी माझ्या हाताकडे पाहिलं, मग काकूंकडे, आणि म्हणाले, "आलं बघ."

हे जानेवारीतलं. मार्चच्या पहिल्या आठवड्यात काकू गेल्या.

आमचं गाव खानदेशातलं, जंक्शनचं. रेल्वे कॉलनीत आमचं क्वार्टर आणि काकांचं क्वार्टर यांना एकच भिंत होती. काका शेडमध्ये बॉयलर मिस्त्री होते, दोन वर्षांपूर्वी रिटायर झाले होते, क्वार्टर जादा भाडं भरून राखलं होतं. मूळचे नगरकडचे, ख्रिस्ती. मूलबाळ नाही. मी सव्वीस वर्षांची, रेल्वेच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर. आईबरोबर राहत होते आणि लग्नाचा विषय निघाला की मला ड्यूटी आठवत असे.

खरं तर मी काकांकडे शिकायला गेलेच नव्हते, भांडायला गेले होते. रात्रपाळी करून सकाळी पडावं, तर भिंतीपलीकडून त्यांची गिटार सुरू. तिसऱ्या दिवशी मी तशीच, विस्कटलेल्या वेणीनिशी, त्यांच्या दारात उभी राहिले. काका डोळे मिटून वाजवत होते, मधूनच उघडून समोर बसलेल्या काकूंकडे बघत होते. मी तोंड उघडलं आणि ते तसंच उघडं राहिलं. माणूस रडायच्या आधी गळ्यात जे दाटतं ना, ते त्या तारेवर ऐकू येत होतं. काकूंनी मला पाटावर बसायची खूण केली. मी बसले ती तीन वर्षं तिथेच बसले.

ती गिटार साधी नव्हती. ती मांडीवर आडवी ठेवायची, आणि तारा बोटांनी दाबायच्या नाहीत; पोलादाची गुळगुळीत दांडी तारांवरून सरकवायची. काकांनी आपली दांडी शेडमध्ये इंजिनाच्या टाकाऊ पिनेतून घडवली होती. गिटारीच्या पोटात अॅल्युमिनियमची पातळ, मोठी वाटी होती. तिच्या मधोमध घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती लाकडी चकती. आवाज त्या वाटीतून यायचा, मोठा आणि थोडा पत्र्याचा. कॉलनीतले लोक गिटारीला 'काकांचा डबा' म्हणत. कोणी एक अँग्लो-इंडियन ड्रायव्हर बासष्ट साली ऑस्ट्रेलियाला निघाला, तो जाताना ती काकांना देऊन गेला होता.

साध्या गिटारीच्या मानेवर धातूच्या आडव्या पट्ट्या असतात; पट्टीच्या मागे कुठेही बोट दाबा, सूर बरोबरच येतो. इथे तसं नाही. दांडी पट्टीला लागतच नाही, वरच्या वर तारेवर असते. मानेवरची पट्टी म्हणजे नुसती खूण. दांडी केसभर मागे राहिली तर सूर उतरतो, केसभर पुढे गेली तर चढतो. काका मला पट्ट्यांकडे बघूच देत नसत. बघशील तर बघतच बसशील, म्हणत. मी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघायचे आणि ऐकायचे, आणि काका माझ्या हाताकडे बघायचे. गिटार लावायचं कामही माझ्याकडेच होतं. "शिकणाऱ्यानं लावायची असते," असा त्यांचा नियम. मला त्याचा कोण अभिमान! कानाचा मला तसाही भारी गर्व. खंडव्याचा ऑपरेटर तोंडात पान ठेवून बोलतोय की पान थुंकून, हे मी लाइनवर ओळखत असे. एवढा तिखट कान माझा.

काका स्वतः वाजवत तेव्हा काकू नेहमी समोर बसत. हातात तांदळाचं ताट असे नाहीतर वाटाण्याच्या शेंगा, पण बसणार समोरच. मध्ये कोणी बसलेलं दोघांनाही चालत नसे. म्हातारपणीही नवऱ्याला असं न्याहाळत बसणारी बायको मी दुसरी पाहिली नाही, आणि एकदा तसं बोलून दाखवलं. काकू लाजल्या. "न्याहाळते कसली? ताब्यात ठेवते," म्हणाल्या.

काकांनी एक चाल बांधली होती. तिला शब्द नव्हते. लग्न झाल्यावर पहिल्या वर्षी बांधलेली. घरात ते ती रोज वाजवत, पण चारचौघांत कधीच नाही, कारण काकूंना संकोच वाटे. ही चाल माझी आहे हे लोकांना कळणार आणि लोक माझ्याकडे बघणार, असं त्यांचं म्हणणं. शेवटच्या आजारपणात, मी ताटलीत पेज घेऊन गेले होते तेव्हा, माझ्यासमोरच त्या काकांना म्हणाल्या, "मी गेल्यावर देवळात वाजवा. तेव्हा लोक बघतील तर बघू दे. एकदाच, पण नीट. सगळ्यांना कळू दे माझ्या नवऱ्याच्या हातात काय होतं ते."

त्यांच्यात चर्चला देऊळच म्हणतात. काकांनी पेजेची ताटली माझ्या हातातून घेतली आणि चमच्याने ढवळत राहिले.

काकूंच्या मातीला नगरहून, जालन्याहून माणसं आली. दोन खोल्यांत पंधरा माणसं, त्यांच्या वळकट्या, पेट्या. त्या गर्दीत कोणीतरी गिटारीच्या खोक्यावर लोखंडी ट्रंक ठेवली. पाहुणे गेल्यावर मी गिटार काढून लावायला बसले, तर तार छेडताच पोटातून झरझर आवाज. वाटी एका बाजूने चेपली होती आणि कडेला चीर गेली होती.

"काका, झरझरतेय ही," मी म्हणाले. काका खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी परत म्हणाले. शेवटी उठून समोर गेले आणि म्हणाले, "गिटार झरझरतेय. आवाज फाटलाय."

"फाटलाय?" काकांनी गिटार घेतली, एक सूर काढला. तो सूर ऐकवत नव्हता. काका म्हणाले, "ठीक आहे ग. वाजतेय की."

मला रडू आलं. या माणसाला आता सुराचंही काही राहिलं नाही, असं मला वाटलं. स्मरणाची उपासना एप्रिलच्या दुसऱ्या रविवारी ठरली होती. पाळकांनी काकांचं वाजवणं कार्यक्रमात घातलं होतं. काकूंची चाल पहिल्यांदा आणि शेवटची लोकांसमोर वाजणार, आणि ती असल्या फाटक्या डब्यावर? मी मनाशी ठरवलं, काकांना न सांगता गिटार नवी करून आणायची. रविवारी त्यांनी पहिला सूर काढला की त्यांना कळेल. त्यांचा चेहरा कसा होईल ते मी ड्यूटीवर बसल्या बसल्या बघत असे.

"तारा जुन्या झाल्यात, बदलून आणते," असं सांगून मी सोमवारी गिटार नेली. काकांनी लगेच दिली. माझ्यावर त्यांचा विश्वास होता.

स्टेशनपलीकडे यादवभाऊ बोंडे म्हणून एक कारागीर होते. भजनी मंडळांच्या पेट्या, बँडवाल्यांची पितळी वाद्यं, लग्नातले लाउडस्पीकर, सगळं दुरुस्त करत. त्यांनी गिटारीचं पोट उघडलं, वाटी हातात घेऊन उन्हात धरली आणि मान हलवली. "हे नाही जुळणार. नवी कराले लागीन."

त्यांनी ती खरंच केली. लेथवर साचा फिरवून अॅल्युमिनियमचा पत्रा त्यावर दाबून दाबून वाटी काढली. पाच दिवस गेले. शनिवारी दुपारी मी गेले तेव्हा गिटार तयार होती, पण यादवभाऊ समाधानी दिसले नाहीत.

"ताई, एक सांगून ठेवतो. वाटी थोडी लहान झाली. बसवताना घोडी अर्धं बोट मांगे सरकली. पुढे घ्याले जागाच नाही. चालीन का?"

"मागे सरकली म्हणजे काय होईल?"

"ह्या पट्ट्या आता खऱ्या नाही राहिल्या. सूर पट्टीवर नाही, पट्टीच्या जरासा पुढे भेटीन. वर वर जासान तसं जास्त. अजून आठ दिवस देसान तर परत करून देतो."

मी गिटार मांडीवर घेतली, तारा लावल्या, आणि वाजवलं. काय सांगू! तीन वर्षांत मी तो आवाज ऐकला नव्हता. मोठा, स्वच्छ, आणि सूर सोडला तरी हवेत राहणारा. माझा हात पट्टीच्या किंचित पुढे जाऊन थांबत होता हे मला दिसलं, पण कानाने त्याला तिथे नेऊन ठेवलं होतं, मला काहीच करावं लागलं नाही. यादवभाऊंच्या दुकानात बसून मी काकूंची चाल शेवटपर्यंत वाजवली आणि पदराने डोळे पुसले.

"चालेल," मी म्हणाले. "आमच्यात पट्ट्या नुसत्या दिसायला असतात, भाऊ. आमचे काका डोळे मिटून वाजवतात."

हे मी फार ऐटीत म्हणाले. माझ्या आयुष्यात इतका आगाऊपणा मी दुसरा केला नाही.

संध्याकाळी गिटार काकांना दिली. "वाजवून बघता?" मी विचारलं. त्यांनी नवीन तारांवरून हात फिरवला आणि खोका बंद केला. "आता उद्याच. सकाळी येऊन लावून दे. आणि इंदू, उद्या तू पहिल्या बाकावर बस. माझ्या समोर. मार्थाच्या जागी."

मी घरी येऊन आईला तीनदा सांगितलं की मला काकूंच्या जागी बसायला सांगितलंय. तिसऱ्या वेळी आई म्हणाली, "कळलं ग बाई, आता जेव."

रविवारी सकाळी दहालाच ऊन तापलं होतं. देऊळ भरलं होतं. शेडमधले जुने लोकही आले होते. हिंदू, मुसलमान, सगळे चपला बाहेर काढून मागे उभे होते. वेदीजवळ काकूंचा फोटो, त्याला मोगऱ्याचा हार. प्रार्थना झाली, वचन वाचून झालं, आणि पाळक म्हणाले, "आता आपले बंधू शांतवन त्रिभुवन आपल्या पत्नीच्या स्मरणार्थ वाजवतील." पाळकांची मुलगी पेटीवर बसली होती. तिला फक्त मागे सूर धरायचा होता.

काकांनी गिटार मांडीवर घेतली. पांढरा सदरा, कडक इस्त्री. त्यांनी पहिला सूर काढला, मोकळ्या तारेचा. तो देवळात असा भरला की मागची कुजबुज थांबली. मी त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. आता कळेल, आता कळेल. पण चेहऱ्यावर काहीच उमटलं नाही.

काका सगळा वेळ डोळे उघडे ठेवून वाजवत होते. तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. मान खाली, नजर पट्ट्यांवर खिळलेली. चालीचा पहिला भाग खालच्या पट्ट्यांवरचा, तो बरा गेला. जरा उतरल्यासारखा वाटला, पण लोकांना ते कळण्यासारखं नव्हतं. दुसऱ्या भागात चाल वर चढते. तिथे सूर स्पष्ट खाली राहिला. पेटीचा सूर एक, गिटारीचा दुसरा, आणि दोघांच्या मध्ये कानाला दातांखाली खडा आल्यासारखं होत होतं. मला वाटलं, हा एक सूर चुकला, पुढचा ते सावरतील. पुढचा जास्त खाली गेला. काका सावरत नव्हते. प्रत्येक वेळी दांडी बरोबर पट्टीवर, एक केस इकडे नाही की तिकडे नाही.

मागे कोणीतरी खोकलं. दोन पोरं हसली आणि त्यांच्या आईने त्यांना चापट मारल्याचा आवाज आला. पाळकांच्या मुलीने गोंधळून सूर बदलून पाहिला, मग पेटीचा भाता सोडून दिला आणि मान खाली घालून बसली. यादवभाऊ जे म्हणाले होते ते मला तेव्हा आठवलं. पण तरी मला काही कळेना. ज्या माणसाने मला केसभर सूर ऐकायला शिकवलं, त्याला हे ऐकू येत नाही?

शेवटच्या भागाआधी चालीत एक थांबा आहे. काका थांबले आणि त्यांनी मान वर करून माझ्याकडे पाहिलं. थेट माझ्याकडे. ते काहीतरी विचारत होते. त्यांच्या डोळ्यांत भीती होती.

मला इतकं वाईट वाटलं त्यांचं, की धीर द्यावा म्हणून मी हसले आणि जोरजोरात मान हलवली.

काकांचा चेहरा उजळला. हो, उजळला. त्यांनी श्वास घेतला आणि शेवटचा, सगळ्यात उंच भाग, जिथे पट्ट्या अगदी जवळजवळ येतात, तो सगळा जीव ओतून वाजवला. सगळ्यात बेसूर तोच होता. देवळात सगळ्यांनी माना खाली घातल्या होत्या. प्रार्थनेला घालतात तशा नव्हे.

उपासनेनंतर कडुलिंबाखाली चहा होता. लोक काकांचा हात हातात घेत होते, "काकू चांगल्या होत्या हो" म्हणत होते, आणि चालीबद्दल कोणी एक शब्द बोलत नव्हतं. काका एकेकाचा चेहरा बघत होते. नगरहून आलेली त्यांची भावजय पुढे झाली, त्यांच्यासमोर उभी राहून, लहान मुलाला समजवावं तसं सावकाश म्हणाली, "भावजी, वाईट वाटून घेऊ नका. मन थाऱ्यावर नसलं की होतं असं."

काकांच्या हातातली कपबशी तशीच राहिली.

दुपारी त्यांनी मला बोलावलं. भाऊ-भावजय आतल्या खोलीत पडली होती. काकांनी खुर्ची ओढून माझ्यासमोर घेतली, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ.

"तोंड दिसू दे तुझं. हं. खरं सांग. खाली होतं?"

"थोडं," मी म्हणाले.

"किती?"

मी बोटांत अंतर धरून दाखवलं. खरं होतं त्याच्या निम्मं दाखवलं.

"कुठून?"

"वर चढलात तिथून."

"मग तू मान का हलवलीस?"

"धीर द्यायला, काका," मी म्हणाले.

"धीर," ते म्हणाले. मग त्यांनी जे सांगितलं ते तीन वर्षं शेजारी राहून, रोज समोर बसून, मला कळलं नव्हतं. त्यांना ऐकू येत नव्हतं. आठ वर्षं झाली होती. तरुणपणी बॉयलरच्या आत बसून घण मारायचा आणि कानात कापूस घालायची लाज वाटायची. ते हळूहळू वसूल झालं, म्हणाले. खालचे सूर मांडीला जाणवायचे. वरचं सगळं गेलं होतं. समोरच्याचे ओठ बघून ते बोलणं समजून घेत. नोकरीत असताना बोलले नाहीत, हलक्या कामावर टाकतील म्हणून. नंतर बोलले नाहीत, कारण बहिऱ्याची गिटार ऐकायला कोण येणार?

"मार्थाला ठाऊक होतं. एकटीला. ती समोर बसायची ना, तिचं ठरलेलं होतं. खाली असलो तर हनुवटी वर करायची. चढलो तर खाली. बरोबर असलो की मान हलवायची." ते थांबले. "तू हलवलीस तशी."

मी दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्यांनी माझे हात खाली केले. त्यांना माझं तोंड दिसायला हवं होतं.

"पण एक मला समजत नाही, इंदू. महिनाभर मी विचार करून ठेवला होता. मार्था नाही, तर डोळ्यांनी वाजवायचं. पट्टी खोटं बोलत नाही. मी बरोबर पट्टीवर होतो ग. एकेक सूर बघून ठेवला. मग खाली कसा गेला?"

आता सांगायचं होतं. तोंड समोर होतं, काकांची नजर माझ्या ओठांवर होती. एक वाक्य होतं सगळं: काका, तुमचा हात बरोबर होता, घोडी मी हलवली. ते वाक्य मी बोलले असते तर यादवभाऊंनी आठ दिवसांत वाटी परत करून दिली असती. पट्ट्या खऱ्या झाल्या असत्या. हनुवटी वर कशी करायची ते मीही शिकले असते, कान तर माझा तयारच होता. काका शेवटपर्यंत वाजवू शकले असते.

पण काकूंच्या दिवसाची माती मी केली, हे या माणसाच्या तोंडावर मला सांगवेना. मी घाबरले. उद्या सांगू, असं स्वतःला म्हणाले आणि मोठ्याने दुसरंच म्हणाले.

"आजच्या दिवशी हात थरथरणारच, काका."

काकांनी माझ्या ओठांवरून ते शब्द वाचले. आपला डावा हात वर धरून बघितला. तो जराही थरथरत नव्हता.

"हो," ते म्हणाले. "हातच गेला म्हणायचा. तिच्याबरोबर गेला."

मी रोज सकाळी ठरवत होते आणि रोज संध्याकाळी कारण सापडत होतं. एकदा ड्यूटी बदलली, एकदा आईला ताप आला, एकदा काकांकडे पाहुणे होते. दहा दिवसांनी कळलं की काका क्वार्टर सोडून नगरला भावाकडे कायमचे चाललेत. तिथे ते सहा वर्षं जगले. त्या सहा वर्षांत त्यांनी एकदाही गिटार मांडीवर घेतली नाही, घरात कोणी वाजवायचा आग्रह केला तर "माझ्या हातानं तिचा दिवस घालवला" एवढंच म्हणत, असं त्यांच्या भावजयीने मला नंतर पत्रात लिहिलं. आज मी चौसष्ट वर्षांची आहे. ते पत्र मी दुसऱ्यांदा वाचलेलं नाही.

निघायच्या दिवशी सकाळी त्यांनी गिटारीचं खोकं आमच्या दारात आणून ठेवलं. "तुझ्या हाती नीट बोलते ती," म्हणाले. मी नको नको म्हणाले, रडले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि वळून पायऱ्या उतरायला लागले. टांगा फाटकाशी उभा होता. भाऊ-भावजय सामान चढवत होती.

काका तिसऱ्या पायरीवर असताना मी सांगितलं. सगळं सांगितलं. "काका, तुमचा हात चुकला नाही. मी नवी वाटी बसवून आणली होती. घोडी अर्धं बोट मागे गेली होती. मला माहीत होतं. तुम्ही बरोबर पट्टीवर होतात. चूक माझी होती, काका, सगळी माझी." नीट, स्पष्ट, एक्स्चेंजमध्ये बोलते तशा आवाजात मी हे त्यांच्या पाठीला सांगितलं. त्यांना ऐकू येणार नाही हे मला पक्कं ठाऊक होतं. म्हणूनच सांगितलं.

शब्द नाही तरी माझा आवाज फाटकापर्यंत गेला असावा आणि भावजयीने माझ्याकडे चमकून पाहिलं असावं, कारण काका थबकले आणि वळले. त्यांनी माझ्या तोंडाकडे बघितलं.

"काही म्हणालीस का ग?"

त्यांना वाचता यावं म्हणून मी सावकाश ओठ हलवले.

"नाही, काका. काही नाही."